मेल्या गुराची साक्ष
(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेंत गुरांच्या खुराकाविषयीं किंवा दुधाच्या भावाविषयीं कांहीं ऐकावयास मिळेल अशा समजुतीनें आपणांपैकीं पुष्कळ जण आले असतील. आम्ही मात्र आज मेलेल्या गुराविषयीं बोलणार आहों. विषय अशुभ आहे खरा. पण ज्यावर घरचा संसार उभा असतो त्याविषयीं बोलण्यांत अशुभ कसलें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईची म्हैस वीज पडून मेली. म्हैस दुभती होती. घरचें मीठमिरची तिच्या दुधावर चाले. बाईनें शेजाऱ्यांच्या मदतीनें त्याच संध्याकाळीं तिला खड्ड्यांत पुरलें. चार दिवसांनीं कोणीं सांगितलें कीं, अशा जनावराचे पैसे सरकार देतें. बाई कचेरींत गेली. तेथें तिला विचारलें, पंचनामा कोठें आहे? गुरांच्या डॉक्टरचा दाखला कोठें आहे? कानांतल्या बिल्ल्याचा नंबर काय? बाईजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें. तिच्याजवळ म्हशीचें दावें तेवढें उरलें होतें, आणि दावें दाखवून पैसे मिळत नाहींत.

म्हैस मेली हें साऱ्या गांवानें पाहिलें. पण सरकारच्या दृष्टीनें ती मेलीच नाहीं. असें कां व्हावें? याचा विचार करतांना दूरच्या मुलुखांतील एक हकीकत आमच्या वाचण्यांत आली. ती अमेरिकेची आहे. ‘अमेरिका श्रीमंत, तिच्या गोष्टी आम्हांस काय कामाच्या?’ असें म्हणूं नका. गुरूं मेल्यावर धन्याच्या घरांत जो काळोख पडतो तो सगळीकडे सारखाच असतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं साउथ डाकोटा हें एक. मिसूरी नदीनें त्याचे दोन भाग केले आहेत. पूर्वेस मक्याची व सोयाबीनची शेती. पश्चिमेस पाऊस कमी, जमीन माळरानाची, तेव्हां तेथील लोकांचा मुख्य धंदा गुरें पाळण्याचा. शेंकडों एकरांचें कुंपण घातलेलें चराऊ रान आणि त्यांत मोकळीं सोडलेलीं गुरें, यास ते लोक रँच म्हणतात. जिल्ह्यास त्यांच्या भाषेंत काउंटी हें नांव आहे. या पश्चिम भागांत मीड नांवाची काउंटी आहे. स्टर्जिस हें तिचें कचेरीचें गांव. विस्तारानें ही काउंटी आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठी. पण २०१० च्या शिरगणतींत तेथें माणसें भरलीं सुमारें २५ हजार! आपल्याकडे एखाद्या बऱ्या गांवच्या बाजाराला येतात तेवढीं माणसें त्या जिल्हाभर विखुरलेलीं. येथील गुरें दुधाचीं नव्हेत, मांसासाठीं पाळलेलीं असतात. गाय वासरूं देते, तें शरद ऋतूंत विकावयाचें, आणि त्या एका विक्रीवर वर्षाचा संसार व बँकेचा हप्ता भागवावयाचा.

२०१३ सालच्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस या मुलुखांत वादळ आलें. गुरें अजून उन्हाळी कुरणांतच होतीं. कडक थंडीस अवकाश होता, म्हणून त्यांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केंस आले नव्हते. आधीं पाऊस पडला व गुरें भिजून चिंब झालीं. मग त्या पावसाचें बर्फ झालें, आणि ताशीं ७० मैलांपर्यंत वेगाचें वारें सुटलें. लीड नांवाच्या डोंगरी गांवांत ५५ इंच बर्फ पडलें. असें वारें सुटलें म्हणजे गुरूं वाऱ्याकडे पाठ करून चालूं लागतें. बर्फाचे ढीग कुंपणाच्या उंचीइतके झाले, तेव्हां गुरें त्यांवरून कुंपणें ओलांडून मैलोगणती दूर गेलीं. कांहीं तळ्यांत व ओढ्यांत बुडालीं, कांहीं घळींत एकमेकांवर पडलीं, बाकीचीं थंडीनें व थकव्यानें जागच्या जागीं गेलीं. ५ तारखेनंतर आकाश निवळलें व लोक गुरांच्या शोधार्थ निघाले, तेव्हां रस्त्यांच्या कडेला गुरांच्या रांगाच्या रांगा मरून पडलेल्या त्यांस दिसल्या.

संस्थानाच्या पशुखात्याकडे पहिल्या कांहीं आठवड्यांत सुमारें १४ हजार गुरें मेल्याची नोंद झाली. मेंढ्या हजाराहून अधिक, शिवाय घोडे. खरी संख्या याहून पुष्कळ मोठी असल्याचे अंदाज पुढें निघाले; कारण प्रत्येकानें नोंद केलीच असें नाहीं. आणि बंधूंनो, एक गाय मेली म्हणजे एकच जनावर गेलें असें समजूं नका. जें वासरूं कांहीं आठवड्यांत बाजारांत जावयाचें तें गेलें, पुढल्या वर्षाचें वासरूं पोटांत गेलें, आणि त्यापुढचीं वासरें देणारी आई गेली.

आतां खरी हकीकत पुढेंच आहे. अमेरिकेंत २००८ सालच्या शेतकी कायद्यांत असें कलम होतें कीं, वादळ, पूर, कडाक्याची थंडी अशा संकटांत गुरें मेल्यास बाजारभावाच्या शेंकडा ७५ इतकी रक्कम सरकारनें धन्यास द्यावी. कलम चांगलें होतें. पण त्याची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजीं संपली होती. नव्या कायद्याचा वाद वॉशिंग्टन येथें चाललाच होता; वादळ कांहीं त्या वादासाठीं थांबलें नाहीं. दुसरें असें कीं, खर्चाच्या मंजुरीवरून कायदेमंडळांत तंटा होऊन १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारच्या पुष्कळशा कचेऱ्यांस कुलूप लागलें होतें. गुरेंवाल्यानें जेथें जाऊन सांगावयाचें ती शेतकी कचेरी त्यांतच होती. हें कुलूप १६ दिवस राहिलें. म्हणजे गुरें मेलीं तेव्हां कायदाही नव्हता आणि कचेरीही नव्हती.

अशा वेळीं मनुष्य काय करील? कपाळाला हात लावून बसेल, किंवा कुजलेलीं जनावरें एकदांचीं पुरून मोकळा होईल. तेथील पशुखात्यानें व गुरेंवाल्यांच्या संघांनीं मात्र एक निरोप घरोघर पोंचविला. मेलेलें प्रत्येक जनावर पुरण्यापूर्वीं लिहून काढा. तारखेसह त्याचा फोटो घ्या. पशुवैद्याचा, नाहींतर आपल्या धंद्याशीं संबंध नसलेल्या तिऱ्हाइताचा दाखला घ्या. गुरें विकत घेतल्याच्या व विकल्याच्या पावत्या एकत्र करा. पैसे मिळतील कीं नाहीं हें आज कोणासही सांगतां येत नाहीं. तरी लिहून ठेवा.

या निरोपाप्रमाणें लोकांनीं केलें. त्या भागांत गुराच्या कातड्यावर धन्याचा डाग असतो व तो सरकारांत नोंदलेला असतो. वाऱ्यानें दहा मैलांवर नेऊन टाकलेलें जनावर कोणाचें, हें त्या डागावरून कळे. चिखल तुडवीत, डाग पाहत, कानांतल्या बिल्ल्याचे नंबर टिपीत लोक दिवसच्या दिवस फिरले. ज्या वहींत गेल्या वर्षीं जन्मलेल्या वासरांची नोंद केली, त्याच वहींत त्यांच्या मरणाची नोंद करणें हें काम सोपें नव्हे. पण तें त्यांनीं केलें, आणि पुढें तेंच कामास आलें.

मधल्या काळांत शेजारधर्मानें हात दिला. गुरेंवाल्यांच्या व मेंढीपाळांच्या संघांनीं वर्गणीचा फंड उघडला. त्यांत ५० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. शेजारच्या माँटाना संस्थानांतून व दुसरीकडूनही लोकांनीं आपल्या कळपांतल्या कालवडी काढून दिल्या. पैसा खर्चून जातो, कालवडीपासून मात्र कळप पुन्हां उभा राहतो, हें गुरें पाळणाऱ्यालाच सुचावें. पण वर्गणी ती वर्गणीच. तिनें चूल पेटते, बँकेचें सारें कर्ज फिटत नाहीं.

अखेर ७ फेब्रुवारी २०१४ रोजीं नव्या शेतकी कायद्यावर अध्यक्ष ओबामा यांची सही झाली. त्यांत गुरांच्या भरपाईचें कलम पुन्हां आलें. एवढेंच नव्हे, तर तें मागील तारखेपासून, म्हणजे १ ऑक्टोबर २०११ पासून लागू केलें, आणि मुदत संपण्याची भानगडच काढून टाकली. १५ एप्रिल २०१४ पासून अर्ज घेणें सुरू झालें. वादळापासून सहा महिन्यांवर दिवस लोटले होते. तेवढ्या काळांत हाडेंसुद्धां मातींत गेलीं असतील. अशा वेळीं ज्यांच्याजवळ फोटो, दाखला व वही होती त्यांचीं मेलेलीं गुरें कचेरींत जाऊन साक्ष देऊं शकलीं. ज्यांनीं कांहींच लिहून ठेवलें नव्हतें त्यांस आपलें नुकसान सिद्ध करणें फार जड गेलें असेल, हें सांगावयास नको.

आतां ही भरपाई मोजतात कशी, तेंही ऐका. संकट नसलें तरी दरसाल कांहीं गुरें मरतातच. तेवढीं आधीं वजा करतात. समजा, एकाच्या कळपांत २०० गाई आहेत, आणि शेंकडा २ गाई एरवींही मरतात असें कचेरीनें धरलें आहे. वादळांत ६० गाई मेल्या. साठांतून ४ वजा जाऊन ५६ उरल्या. त्या ५६ गाईंची ठरलेल्या बाजारभावानें किंमत करून तिचे चार भाग करावयाचे व तीन भाग धन्यास द्यावयाचे. (हे आंकडे आम्ही हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.) चौथा भाग बुडाला तो धन्याचा, पोटांतलें वासरूं गेलें तें त्या वेळीं हिशेबांतच नव्हतें. तेव्हां ‘सरकारनें दिलें, शेतकरी गबर झाला’ असें जे बोलतात त्यांस हा हिशेब दाखवावा. आणि हिशेबाचा पाया काय? वादळापूर्वीं कळपांत गाई किती होत्या, ही नोंद. जिवंत गुरांची नोंद नसेल, तर मेलेल्या गुरांचा हिशेब होऊंच शकत नाहीं.

मदत देण्याची पद्धतही शहाणपणाची असावी लागते. १९३४ सालीं याच अमेरिकेंत मोठा दुष्काळ पडला. माळावर काडी उरली नाहीं. तेव्हां सरकारनें संकटग्रस्त म्हणून ठरविलेल्या काउंट्यांतून उपाशी गुरें विकत घेतलीं. दुष्काळाच्या त्या खरेदींत सुमारें ८३ लाख गुरें घेतलीं गेलीं. मोठ्या जनावरास २० डॉलरपर्यंत मिळत. जीं अगदींच खंगलीं होतीं तीं मारून टाकलीं. बाकीच्यांचें मांस गरिबांस वांटलें. यांत आम्हांस सांगावयाची गोष्ट निराळीच आहे. सरकारनें त्या किंमतीचे दोन भाग केले होते. गुरें गहाण असल्यास एका भागावर सावकाराचा किंवा बँकेचा हक्क चाले. दुसऱ्या भागास मात्र धनकोनें हात लावावयाचा नाहीं, तो थेट शेतकऱ्याच्या हातीं पडावयाचा. बंधूंनो, मदत शेतकऱ्याच्या नांवानें निघावी आणि वाटेंतच कर्जखात्यांत जिरावी, हा अनुभव आपणांपैकीं किती जणांस आहे? ज्यानें तो नियम लिहिला त्यास शेतकऱ्याचें घर ठाऊक होतें.

आतां त्या देशाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. तेथें प्रत्येक शेतकी कचेरीवर शेतकऱ्यांनीं निवडलेली ३ ते ११ जणांची समिती असते. रचना ऐकावयास गोड आहे. परंतु दक्षिणेकडील संस्थानांत कित्येक दशकें अशा समित्यांवर काळा शेतकरी जवळजवळ दिसतच नसे. जें समितीचें तेंच कर्ज देणाऱ्या कचेरीचें. कर्ज देतांना सरकारी शेतकी खातें रंग पाहून वागतें, अशी काळ्या शेतकऱ्यांनीं फिर्याद केली. तींत १९९९ सालीं तडजोड झाली. डाकोटा मुलुखाच्या मूळच्या रहिवाशांची, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर हीं सारीं रानें उभीं आहेत त्यांची, तीच कथा. १९९९ सालींच कीप्सईगल या स्टँडिंग रॉक येथील पशुपालक जोडप्याच्या नांवानें मूळ रहिवासी शेतकऱ्यांनीं सरकारावर खटला भरला. १९८१ पासून आपणांस कर्ज नाकारतात, उशीर लावतात, गोऱ्यांस देतात तें आपणांस देत नाहींत, हें त्यांचें गाऱ्हाणें. २०१० सालीं सरकारनें ६८ कोटी डॉलर देण्याचें व ८ कोटींचें कर्ज सोडण्याचें कबूल करून तो खटला मिटविला.

यावरून काय शिकावयाचें? कायदा सर्वांस एक असला, तरी तो अमलांत आणणाऱ्या खुर्चीवर कोण बसला आहे हें पाहावें लागतें. ज्याच्या घरांत गोठा नाहीं, तो गोठ्याचें दुःख कागदावर कसें उतरवील? आणि ज्या जातीचा, ज्या रंगाचा मनुष्य त्या खुर्चीच्या आसपासही फिरकत नाहीं, त्याच्या अर्जावर धूळच बसावयाची. म्हणून ज्या समितींत आपला मनुष्य बसूं शकतो तेथें तो बसविलाच पाहिजे. आणि बसल्यावर तो आपल्यासाठीं बोलतो कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

आतां घरचा विचार करूं. आपल्याकडेही कायदा अगदींच मुका नाहीं. २०२२ सालीं केंद्र सरकारनें २०२६ पर्यंतच्या काळासाठीं आपत्तींतील मदतीचे जे दर ठरविले, त्यांत दुभत्या गाईम्हशीस ३७ हजार ५०० रुपये, बैलास ३२ हजार, शेळीमेंढीस ४ हजार रुपये असे आंकडे आहेत. कुंभार व बेलदार बंधूंनो, तुमच्या गाढवासही त्यांत २० हजार रुपये लिहिलेले आहेत. हें तुम्हांस कोणीं सांगितलें होतें काय? त्याच नियमांत दुभतीं मोठीं जनावरें तीन, ओढकामाचीं मोठीं जनावरें तीन, अशी मर्यादाही घातली होती. २०२२ सालीं लंपी रोगानें गुरें मेलीं तेव्हां महाराष्ट्र सरकारनें गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये दिले. आणि १ जून २०२४ पासून, कानांत बिल्ला नसलेलें जनावर आपत्तींत मेल्यास भरपाई नाहीं, असा नियम महाराष्ट्रांत झाला. म्हणजे ज्या बाईची म्हैस वीज पडून मेली, तिचा हक्क होता. त्या हक्काची तिला खबर नव्हती आणि त्याचा कागद नव्हता. हक्क असून उपाशी राहणें हें नशीब नव्हे, तें अज्ञान आहे. आणि अज्ञान घालवितां येतें.

म्हणून आमचें आपणांस हात जोडून सांगणें आहे. आज घरीं गेल्यावर एक वही घ्या. दोन आण्याची वही म्हणत असूं तो काळ गेला. पण आजही ती एका वेळच्या चहाहून फारशी महाग नाहीं. तींत प्रत्येक जनावराचें एक पान करा. रंग, शिंगें, वय, कानांतल्या बिल्ल्याचा नंबर, कोठून व कितीस घेतलें, केव्हां व्यालें, हें लिहा. बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यांतून मारून घ्या. स्वतःस लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या. तिचें शिक्षण तिच्या सासरींच नव्हे, तुमच्या गोठ्यांतही उपयोगी पडूं द्या. जनावर मेलें तर रडा, खुशाल रडा; पण पुरण्यापूर्वीं बिल्ल्यासकट फोटो काढा, गुरांच्या डॉक्टरला बोलवा, तलाठ्यास कळवा, शेजारचे पंच बोलावून पंचनामा करून घ्या. शेजाऱ्याचें जनावर मेलें असेल तर साक्षीस जा. त्याच्याशीं बांधावरून भांडण असेल तरीही जा. उद्यां त्याची साक्ष तुम्हांस लागेल.

आणि आपण सर्वांनीं मिळून सरकारास दोन गोष्टी विचारावयाच्या आहेत. पंचनामा किती दिवसांत होईल व पैसे किती दिवसांत मिळतील याची तारीख नियमांतच कां नसावी? आणि मंजूर झालेल्यांची व नाकारलेल्यांची यादी, नाकारण्याच्या कारणासह, ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून कां दाखवूं नये? यांत कोणाकडे भीक मागणें नाहीं. आपण मीठ घेतों, कापड घेतों, डिझेल घेतों, त्या प्रत्येकांत कोठें ना कोठें सरकारी कराचा पैसा जातो. संकटांत त्यांतला थोडा परत आला, तर तो आपलाच आहे.

डाकोटाच्या लोकांनीं कायदा नसतांना, कचेरी बंद असतांना वही लिहिली. आपल्याकडे कायदा आहे, कचेरी उघडी आहे. वही तेवढी नाहीं. ती या आठवड्यांत झाली पाहिजे. पुढल्या सभेस येतांना प्रत्येकानें आपली वही बरोबर आणावी. ज्यास लिहावयास अडचण पडेल त्याची वही आम्ही येथें बसून लिहून देऊं.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.